अक्षरांमधली जागा दाखवणाऱ्या पेंटर काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

गंगावेशीत रसवंतीचा बोर्ड रंगवून झाल्यावर तुम्ही माझी वही मागितलीत. पंचगंगा घाटाची चौदा जलरंग चित्रं होती तिच्यात. सगळी पानं उलटून तुम्ही विचारलंत, “पोरी, घाट बघून काढलाईस, का दुसऱ्यानं काढलेला घाट बघून?”

मला रडूच आलं, कारण ते खरं होतं. आर्ट कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मोबाइलवर दिसेल त्या चित्रकाराचे फटकारे उचलत होते. मार्क चांगले पडायचे. पण चित्रं ओळीनं मांडली की पाच जणांनी काढल्यासारखी दिसायची. ‘स्वतःची शैली’ हे शब्द ऐकले तरी पोटात गोळा यायचा.

शैलीबद्दल तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. खडू लावलेल्या दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलंत, दुसरं स्वतः धरून दोरी ताणलीत आणि टिचकी मारलीत. पत्र्यावर सरळ रेघ उमटली. मग चार महिने, दर रविवारी, ‘गणेश’ हा एकच शब्द. ‘ग’ची गाठ आणि काना लांब गेले की ‘ग’ फुटायचा, ‘ण’ फार जवळ आला की दोन्ही गुदमरायचे. पट्टीनं मोजून सारखं अंतर ठेवलं तरी ते डोळ्याला वाकडंच दिसायचं. “अक्षराकडं बघू नको, मधल्या जागेकडं बघ. ती बसली की अक्षर बसतंय,” म्हणालात. फ्लेक्स आल्यापासून तुमच्याकडे बोर्डाचं काम उरलंय किती, तरी माझ्या एका शब्दासाठी अख्खी दुपार द्यायचात. चहाचे पैसेसुद्धा कधी देऊ दिले नाहीत.

जलरंगात पांढरा लावायचा नसतो, कागदच राखायचा असतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. माझ्या हाताला ते तुमच्याकडे कळलं. परत घाटावर गेले आणि पायऱ्या रंगवायच्या सोडून त्यांच्यावरचं ऊन कोरं ठेवायला लागले. दोन दीपमाळांमधली फट. धुणं धुणाऱ्या बाईची वाकलेली पाठ आणि पाणी यांच्यातला त्रिकोण. अकरा कागद वाया गेले, कारण कोरी जागा दिसली की भीती वाटून मी ती भरून टाकायचे. बाराव्याला हात थांबला. वाळलेलं चित्र भिंतीला टेकवून लांबून पाहिलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे मी काढलंय.

टाउन हॉलच्या संग्रहालयात आबालाल रहिमानांची चित्रंही नव्यानं पाहिली. मुंबईला जे.जे.त शिकून ते कोल्हापुरात परतले आणि १९३१ मध्ये जाईपर्यंत इथंच राहिले. कोटीतीर्थ, रंकाळा पुन्हा पुन्हा रंगवले. एवढा मोठा माणूस त्याच त्या तळ्यांपाशी का रमला, असं पूर्वी वाटायचं. आता मीच रोज सकाळी त्याच पायरीवर जाऊन बसते आणि रोज वेगळी फट सापडते.

काका, तुमचे उपकार फार मोठे आहेत. मोबाइलवर तुम्ही काही वाचत नाही, म्हणून हे पत्र तुमच्या नातवाला वाचून दाखवायला सांगितलंय.

कॉलेजच्या प्रदर्शनात माझी घाटाची सहा चित्रं लागली आहेत. प्रत्येकाखाली माझं नाव तुम्ही दिलेल्या चपट्या ब्रशनं लिहिलंय. माझ्याही नावात ‘ण’ आहे. तो अजून जरा जवळ पडतोय असं मला वाटतं. येऊन बघा आणि सांगा.

तुमची,
रविवारची विद्यार्थिनी