खाड्यांची वही

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज विचारलंस, "बाबा, आजी तुला कधी ओरडली होती का?" मी हसून विषय बदलला, कारण तुझी आई शेजारी मेथी निवडत कान देऊन ऐकत होती. पण तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. पुढच्या महिन्यात आजीचं वर्षश्राद्ध. तुला रजा मिळत नाही हे कळलं, त्यावर मी काही म्हणत नाही. मात्र तू जिला आजी म्हणून ओळखतेस ती बाई मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी पहिल्यांदा भेटली, तू झालीस तेव्हा. त्याआधीची सांगतो.

१९६४ साली ती मालवणहून बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरली. एकोणीस वर्षांची. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नव्हता, सगळं रत्नागिरीच. आजोबा करी रोडला मिलमध्ये साचा खात्यात, म्हणजे मागावर, खोली डिलाईल रोडच्या चाळीत, दहा बाय बारा. पुढे मी आणि तुझी आत्या झालो. त्या खोलीत आम्ही चौघं राहायचो आणि बावीस माणसं जेवायची. फुगवून सांगत नाही, मीच पाटावर ताटं मांडायचो. गिरणगावात अशा खानावळी चाळीचाळीत होत्या. बायकामुलं गावी ठेवून आलेला माणूस गावमंडळाच्या खोलीत पथारी टाकायचा आणि जेवायला कुणातरी बाईकडे लागायचा. आमच्याकडचे सगळे तिला वैनी म्हणत.

पहिली पाळी सकाळी सातची, म्हणून चूल, म्हणजे रॉकेलचा स्टो, चारला पेटायचा. दुसरी पाळी साडेतीनला लागायची, ती माणसं जेवून जातात न जातात तोवर पहिलीवाले सुटून दारात. दुसरीवाले रात्री बाराला सुटायचे, त्यांच्यासाठी भात झाकून ठेवलेला. आई झोपायची कधी, हे मी लहानपणी पाहिलेलंच नाही. आणि आम्ही जेवायचो कधी? शेवटी. "आधी पाळीवाले, मगे घरचे," हा तिचा कायदा. सहावीच्या परीक्षेला मी चहापाव खाऊन गेलो, कारण त्या दिवशी डाळ शिजायला उशीर झाला होता आणि भोंगा कुणासाठी थांबत नाही. त्याचा राग मी कितीतरी वर्षं जपून ठेवला होता.

एकदा माझ्या घशात बांगड्याचा काटा अडकला. तिनं मागे वळूनसुद्धा न बघता सुक्या भाताचा मुटका हातावर ठेवला, "गिळ." झालं. काटा गेला, ती परत भाकऱ्या थापायला. आणि तू? नऊ वर्षांची घोडी झालीस तरी ती तुझ्या ताटातला मासा बोटांनी चाचपून बघायची. मधला काटा उचलायची, मग कडेचे बारीक काटे ताटाच्या कानावर एका रांगेत लावून ठेवायची, मोजल्यासारखे. मी समोर बसून ते बघायचो. खरं सांगू, मला तुझा हेवा वाटायचा. बापाला लेकीचा हेवा वाटावा ही काय लिहायची गोष्ट आहे! पण तू विचारलंस म्हणून.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं हे तुला माहीत आहे. पण बावीस जणांचा हिशोब होता, आणि महिनाअखेरीला खाडे वजा करायचे. खाडा म्हणजे माणूस ज्या वेळेला जेवला नाही ती वेळ. त्यासाठी तिची एक वही होती. नावाऐवजी चित्रं. एकाला छत्री, एकाला कंदील, एकाला मासा, त्रासन खात्यातल्या, म्हणजे सूतकताईतल्या, एका खोकणाऱ्याला नुसता गोळा. चित्रापुढे उभ्या रेघा, आणि खाड्याला आडवी. गेल्या वर्षी कपाट आवरताना ती वही हाती लागली. मी सगळी पानं उलटली, माझी खूण शोधत. नव्हती. तुझी आई म्हणाली, "येणेकऱ्यांच्या वहीत घरचा माणूस कशाला असेल?" तिचं असं एखादंच वाक्य असतं, पण असतं.

किराणा उधारीवर, आणि उधारी तुंबली की मंगळसूत्र सावकाराकडे. ते गळ्यात कमी आणि त्याच्या पेटीत जास्त असायचं. १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळायला लागलं, तेही काही गहाण न ठेवता, एकमेकींच्या भरवशावर. आई आधी गेली नाही, तिला वाटलं सह्या घेऊन खोली काढून घेतील. शेजारणीला पैसे मिळालेले डोळ्यांनी बघितल्यावर गेली. त्यासाठी सही तेवढी शिकली. आयुष्यात तिनं लिहिलेली तीच तीन अक्षरं.

मग गिरण्यांचा संप. १८ जानेवारी १९८२. अडीच लाख कामगार बाहेर. शिमग्यापर्यंत मिटेल असं सगळे म्हणत होते. मी तेरा वर्षांचा होतो, मला मजाच वाटली, कारण भोंगे बंद पडल्यावर पहिल्यांदा आम्ही चौघं एकत्र जेवलो. शिमगा गेला, गणपती गेले. कोकणातले एसटीनं गावी गेले, घाटावरचे शेतावर गेले. सात जण उरले. त्यांना कधी पेज, कधी नुसता उकड्या तांदळाचा भात आणि कोकमाच्या सोलांचं सार. आजोबा नंतर कामावर परत गेले नाहीत, एका इमारतीवर वॉचमन लागले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, एवढं लक्षात ठेव.

आता जे लिहितोय ते आत्याला दाखवू नकोस, ती उगाच रडेल. त्या सातांतला एक, वहीतला कंदील, बिनपैशाचा पाच महिने जेवला. बदली कामगार, विशी-बावीशीतला. एका रात्री आईनं त्याला सांगितलं, "हय उपाशी रवण्यापेक्षा घराकडे जा." एसटीचं भाडं तिनं दिलं. आणि त्याची पत्र्याची ट्रंक ठेवून घेतली. उधारी फेडलीस की ने. तो काही बोलला नाही, हातातल्या पिशवीत एक सदरा कोंबून गेला. मला इतकी लाज वाटली की मी गॅलरीत जाऊन झोपलो. सगळे तिला अन्नपूर्णा म्हणायचे आणि ती गरिबाची ट्रंक ठेवून घेते.

तो परत आला नाही. ट्रंक कॉटखाली, कुलूप तसंच. दर गणपतीला आई त्याच्या गावच्या माणसांना विचारायची. कुणी म्हणे गोव्याला गेला, कुणी म्हणे वारला. पावसाचं पाणी खोलीत भरलं की ट्रंक आधी वर. १९९६ साली तू झालीस, घरात कपडे ठेवायला जागा नाही, तेव्हा चौदा वर्षांनी तिनं कुलूप फोडायला लावलं. आत मिलचा पास, एक कंगवा आणि मांजरपाटाचा कोरा ताका, सवलतीत घेतलेला, बहुधा गावी न्यायला. आईनं तो पास देव्हाऱ्यामागे ठेवला. कापड तीनदा उकळून मऊ केलं आणि त्याची तुझी झबली शिवली. मी म्हटलं, "आई, दुसऱ्याचं आहे." म्हणाली, "चौदा वर्षां राखलंय."

तिला वाईट वाटत होतं की नव्हतं, मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या दिवसापासून ती आधी तुला भरवायची आणि मग बाकीच्यांना, हे मी पाहिलंय.

तुझी भातुकली ज्या ट्रंकेत असायची ती हीच. अजून आहे.

बरं. बांगड्याच्या तिखल्याचं विचारलं होतंस. माप आजीकडे नव्हतं, ती माणसं मोजायची. दोघींसाठी तीन बांगडे घे, कल्ले उचलून बघ, आतून लालभडक हवेत. बेडगीचं तिखट, हळद, मीठ, चार सोलं, थोडं पाणी. सहा-सात तिरफळं फोडून काळी बी टाक, मग नुसती ठेच, मिक्सरला अजिबात लावू नकोस. वरून कच्चं खोबरेल चमचाभर. डाव घालून ढवळू नकोस, टोपच धरून हलव, नाहीतर तुकडे मोडतात. तिरफळं तिकडे मिळणार नाहीत, म्हणून सोलांबरोबर पार्सलात घातली आहेत. पासही घालणार होतो, पण तुझी आई नको म्हणाली, तिथेच देव्हाऱ्यामागे राहू दे म्हणे.

पोचलं की फोन कर.

तुझा,
बाबा