कोरियात 'प्रॉम' नसतो हो!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत शाळांच्या सेंड-ऑफवर जे पान आलं होतं ते मी इथे दक्षिण कोरियात, सुवॉनला बसून मोबाईलवर वाचलं (आमचं माहेर कराडचं, पेपरची सवय सुटत नाही), आणि त्यात 'आता कोरियन स्टाईल प्रॉम नाईटची क्रेझ' (प्रॉम म्हणजे अमेरिकेतल्या शाळांचा नटूनथटून जोडीने नाचायचा निरोपाचा कार्यक्रम) असं वाचून चहाच सांडायचा बाकी होता. त्यात योगायोग असा की दोनच दिवसांनी माझ्या पुण्याच्या भाचीचा फोन, मावशी आमच्या शाळेत पण कोरियन प्रॉम आहे, दीड हजार रुपये तिकीट आहे, गाऊन घालायचाय आणि पार्टनर आणायचाय, तिकडच्या मुली नक्की काय घालतात ते सांग ना. आता काय सांगणार कपाळ? इथे प्रॉम नावाचा प्रकारच नाहीये. इंटरनॅशनल स्कूलमध्ये असेल कुठेतरी, पण साध्या कोरियन शाळेत मुलगा-मुलगी हातात हात घालून नाचतायत आणि मास्तर बाजूला उभे राहून सरबत वाटतायत हे मी तरी सहा वर्षांत बघितलं नाही. माझी लेक इथल्याच शाळेत शिकते, आता हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला आहे म्हणजे आपली दहावी धरा, त्यामुळे जे लिहितेय ते घरात बघून लिहितेय.

इथे असतं ते 'चुक्जे', म्हणजे सरळसरळ आपलं गॅदरिंग. वर्षातून एकदा. कुठे ऑक्टोबरात, कुठे डिसेंबरात परीक्षा उरकल्यावर. दिवसा वर्गावर्गात स्टॉल. एका वर्गाने तर भुताचं घर केलं होतं, सगळ्या खिडक्यांना कचऱ्याच्या काळ्या पिशव्या चिकटपट्टीने लावून गुडूप अंधार, आत बाकं आडवी टाकून वाट केलेली आणि बाकाखालून कोणीतरी पाय धरायचं, मी आई म्हणून गेले आणि खरंच किंचाळले, लेक दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. मग दुपारी स्टेज. गाणी, बँड, आणि डान्सवाली पोरं. ही डान्सवाली पोरं म्हणजे शाळेचं 'दोंगारी', क्लब हो, त्यात ऑडिशन देऊन घेतात, वाटलं म्हणून घुसता येत नाही, आणि सीनियरसमोर ज्युनियरने कमरेतून वाकून नमस्कार करायचा तो करायचाच. नाच सगळा ग्रुपचा. सहा-सात जणी, एकसारखे स्टेप, कोण मध्ये उभं राहणार यावरून रुसवेफुगवे. जोडीने नाचणं हा विषयच नाही. मुलींच्या शाळेच्या गॅदरिंगला शेजारच्या मुलांच्या शाळेचा डान्स ग्रुप पाहुणा म्हणून येतो तेव्हा जो काय आरडाओरडा होतो तो म्हणजे तुमचा प्रॉम समजा हवं तर, पण मुलं स्टेजवर आणि मुली खाली खुर्चीत.

आता सराव कुठे करतात ते सांगते कारण मला त्याचंच जास्त कौतुक आहे. शाळेत आरशाची खोली एकच, तिला नंबर लागतो. काही ठिकाणी सरकारी युवा केंद्रात आरशाचा हॉल मिळतो पण तो आधी बुक करावा लागतो. मग ह्या पोरी काय करतात, रात्री आमच्या बिल्डिंगच्या खाली जो काचेचा मोठा दरवाजा आहे ना, बाहेर अंधार पडला की त्यात स्वतःचं पूर्ण प्रतिबिंब दिसतं, त्याच्यासमोर उभ्या राहतात. दप्तरं भिंतीला टेकवलेली, मोबाईल एका बुटात उभा केलेला, गाणं बारीक आवाजात कारण वॉचमन आजोबा ओरडतात, आणि तोच आठ सेकंदांचा तुकडा वीस वेळा. कोणी लिफ्टमधून आलं की सगळ्याजणी बाजूला होऊन मान झुकवणार आणि माणूस गेला की परत पाच-सहा-सात-आठ. बाहेर उणे पाच आणि ह्या घामाघूम. आणि अंगात काय असतं माहितीये? युनिफॉर्मचा स्कर्ट आणि त्याच्या खाली शाळेची पीटीची ट्रॅकपँट. हा इथल्या पोरींचा नॅशनल ड्रेस आहे म्हटलं तरी चालेल, थंडी म्हणून पण आणि बसायला-उठायला बरं म्हणून पण.

तर हे सगळं रात्री का, तर दिवसा वेळ कुठाय. शाळा साडेचार-पाचपर्यंत, मग 'हागवॉन', म्हणजे आपले क्लासेस. 2024 च्या सरकारी आकड्यात दहातली आठ पोरं शिकवणीला जाणारी होती. आपल्याकडे लातूर पॅटर्न म्हणतात ना, इथे अख्खा देशच लातूर आहे. सेऊलमध्ये आणि आमच्या ग्योंगी प्रांतात रात्री दहानंतर क्लास चालू ठेवायला बंदी आहे, कायदा करावा लागला बघा, आणि त्याविरुद्ध लोक कोर्टात गेले तर 2009 मध्ये इथल्या घटना न्यायालयाने सांगितलं की बंदी बरोबर आहे. ज्यांना क्लास नको त्यांच्यासाठी शाळेतच 'याजा', रात्रीचा स्वाध्याय. नाव 'स्वेच्छेने' आणि पूर्वी होता सक्तीचा, आपल्याकडच्या ऐच्छिक वर्गणीसारखं.

शेवटी सगळी गाडी जाऊन थांबते 'सुनुंग'वर. नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी कॉलेज प्रवेशाची परीक्षा, त्या दिवशी ऑफिसं उशिरा उघडतात आणि इंग्रजीच्या ऐकण्याच्या पेपरला 35 मिनिटं देशभर विमानांचं उतरणं-उडणं बंद. परीक्षेआधी मुलांना चिकट तांदळाचे लाडूसारखे गोळे आणि चिक्कीसारखी गोड वडी भेट देतात, की सीट चिकटून राहू दे, आणि शेवाळाचं सूप त्या आठवड्यात कोणी करत नाही कारण ते निसरडं. हे बघून मला माझी आजी आठवते, दहीसाखर दिल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. शेवटच्या वर्षाची पोरं चुक्जेमध्ये नाचत नाहीत, नुसती येऊन बसतात आणि तेही काही जण शब्दांच्या चिठ्ठ्या हातात घेऊन.

मग मैत्री-बित्री कधी करतात? तर मधल्या फटीत. शाळा सुटून क्लास लागेपर्यंतचा अर्धा तास, आणि दोन क्लासच्या मधली पंधरा मिनिटं. ती पंधरा मिनिटं कोपऱ्यावरच्या दुकानात जातात. त्रिकोणी किंबाप, म्हणजे शेवाळाच्या कागदात गुंडाळायचा भात, घेतात, त्याच्या प्लास्टिकवर एक-दोन-तीन असे नंबर असतात, त्या क्रमाने ओढलं की शेवाळाचा कागद भाताला न फाटता गुंडाळला जातो, मला अजून जमत नाही. कपातल्या रामेनमध्ये गरम पाणी ओतायचं आणि तीन मिनिटं वाट बघायची, त्या तीन मिनिटांत सगळं जग, कोणाचं कोणाशी जमतंय, कोणी कोणाला काकाओच्या, म्हणजे इथल्या व्हॉट्सॲपच्या, ग्रुपमधून काढलं, कोणी रडली. मी एकदा दूध आणायला गेले तर पाच जणी खिडकीच्या फळीला ओळीने उभ्या, एकीच्या डोळ्यात पाणी, चारी जणी तिच्या पाठीवर हात ठेवून रामेन खातायत. नंतर घड्याळ बघितलं आणि पळाल्या.

रविवारी वगैरे मिळालाच वेळ तर कॉइन नोरेबांग, म्हणजे कराओकेवर गाणी म्हणायची टेलिफोन बूथएवढी खोली, हजार वॉनची नोट टाकली की दोन-तीन गाणी. तिथून चार फोटोंची पट्टी छापून देणारं मशीन, मग तोकबोकी, म्हणजे तिखट सॉसमधले तांदळाच्या पिठाचे तुकडे. मुलं पीसीबांगमध्ये, म्हणजे सायबर कॅफेत, गेम खेळतात. रात्री दहाला नोरेबांग आणि पीसीबांगमधून अठराच्या आतल्यांना बाहेर काढतात. प्रेमप्रकरणं होतात की, का नाही होणार, ती तर दिवस मोजून साजरी करतात, बावीसावा दिवस, शंभरावा दिवस, पेपेरो डेला म्हणजे 11 नोव्हेंबरला चॉकलेटच्या काड्यांची पाकिटं. पण शाळेच्या नियमात कित्येक ठिकाणी ह्यावर शिक्षा होती आणि आत्ताआत्तापर्यंत केसांची लांबी पण मोजायचे, सेऊलने विद्यार्थी हक्कांचा नियम केला तो 2012 मध्ये. अशा शाळेत प्रॉम भरवायला मुख्याध्यापकाला हार्टअटॅकच यायचा.

एक मजेशीर गोष्ट आहे मात्र. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इथे पोरांसाठी खरंच डान्स हॉल निघाले होते, 'कोलाटेक', दारू नाही, कोला प्यायचं आणि डिस्कोत नाचायचं. काही वर्षांत पोरांनी तिकडे जाणं सोडलं. ती जागा मग कोणी घेतली तर साठी-सत्तरीच्या आजीआजोबांनी. आज कोलाटेक म्हटलं की दुपारी नटूनथटून जोडीने पावलं टाकणारे म्हातारे. म्हणजे कोरियात जोडीचा नाच बघायचाच असेल तर आजोबांबरोबर जावं लागेल.

सेंड-ऑफचं म्हणाल तर जानेवारी-फेब्रुवारीत 'जोलोप्सिक' असतो. गेटबाहेर फुलांचे गुच्छ विकणारे, आईबाप-आजी सगळं खानदान हजर, फोटो, आणि मग जाऊन काळ्या सॉसच्या नूडल्स खायच्या, जाजांगम्यॉन, हे ठरलेलं. पूर्वी पोरं एकमेकांवर पीठ आणि अंडी फेकायची, युनिफॉर्म फाडायची, आपली धुळवडच, ते इतकं हाताबाहेर गेलं की 2010 च्या सुमारास पोलीस उभे करायला लागले. आता शांत असतं.

सहलीत मात्र रात्री नाचगाण्याचा कार्यक्रम असतो, वर्गावर्गाची चढाओढ, त्यासाठी पोरं महिनाभर आधीपासून बसवतात. 2014 मध्ये आमच्याजवळच्याच आनसान गावच्या दानवॉन हायस्कूलची पोरं सहलीला जेजू बेटावर निघाली होती, सेवॉल बोट बुडाली, 304 माणसं गेली त्यातली 250 विद्यार्थी. आजही लेकीच्या सहलीचा फॉर्म आला की मी आणि शेजारची कोरियन आई, दोघी सही करायच्या आधी एकमेकींना फोन करतो. काही बोलत नाही विशेष. कुठली बस, कुठलं हॉटेल, एवढंच.

तर संपादक साहेब, प्रॉम करायचा तर करा, अमेरिकेचा म्हणून करा, नाव कोरियाचं घेऊन दीड हजार कशाला उकळायचे? गॅदरिंग आपल्याकडे आहेच की, त्याची प्रॅक्टिस जिन्याखाली आपण पण केलीये.

भाचीला मी खरं ते सांगितलं. म्हटलं, बाई, कोरियन दिसायचंय ना, मग गाऊन नको, शाळेचा स्कर्ट घाल, त्याच्याखाली पीटीची ट्रॅकपँट चढव, पार्टनर घरी ठेव, रात्री दहापर्यंत क्लासला बस आणि मग घरी येताना काचेच्या दारासमोर वीस मिनिटं नाच. पलीकडून बराच वेळ काही आवाजच नाही. मग म्हणाली, मावशी, ट्रॅकपँट कुठल्या रंगाची?

आपली एक जुनी वाचक,
सुवॉन, दक्षिण कोरिया (माहेर कराड)