कर्नल शिकवणाऱ्या भाऊंना आभार पत्र

राम राम भाऊ,

आमचं कर्नल, म्हणजे आम्ही लिहीत असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आता सिरियल पोर्टवर दोन ओळी छापून टायमरचे टिक मोजत बसतं. उघड पत्र लिहितोय, कारण तुमच्या सूचना जळगाव-भुसावळकडच्या बाकी पोरांनाही कामी येतील.

लिनक्सवरचा नेहमीचा जीसीसी (सी कोडचा मशीन-कोड करणारा कंपायलर) लिनक्ससाठीच बांधलेला असतो. खाली ऑपरेटिंग सिस्टिम आहे, सी लायब्ररी आहे, असं तो धरूनच चालतो. आपल्या कर्नलखाली नुसतं लोखंड. म्हणून क्रॉस-कंपायलर (इथे चालून दुसऱ्याच टार्गेटसाठी कोड बनवणारा), आणि तोही तुमच्याच क्रमाने: आधी जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी या गणिताच्या लायब्रऱ्यांची डेव्ह पॅकेजेस, मग बिनयुटिल्स (असेंब्लर, लिंकर वगैरे), टार्गेट आय६८६-ईएलएफ (३२ बिट, खाली ऑपरेटिंग सिस्टिम नाही), त्याचा बिन फोल्डर पाथमध्ये, मगच जीसीसी, विदाउट-हेडर्स (सी लायब्ररीची हेडर्स नाहीत) देऊन. नुसतं मेक (बांधणीची कमांड) चालत नाही. मेक ऑल-जीसीसी, मग मेक ऑल-टार्गेट-लिबजीसीसी. लिबजीसीसी, म्हणजे जीसीसीच्या मदतनीस फंक्शन्सची लायब्ररी, राहिली, की ३२ बिटवर ६४ बिटचा भागाकार केल्याबरोबर लिंकर (ऑब्जेक्ट फाइली जोडणारा) यूडिव्हडीआय३ हे भागाकाराचं फंक्शन मागत बसतो.

४ जीबी रॅमला मेकचं जे२ (एका वेळी दोन जॉब) पुरे. जास्त जॉब दिले तर रॅम संपून कंपायलर मध्येच मारला जातो, आणि वाटतं सोर्सच खराब उतरवलाय. लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून मेक लावा, हे तुम्ही हसत सांगितलं होतं, पण खरंच आहे ते. लाइट गेली की एखादी ऑब्जेक्ट फाइल शून्य बाइटची उरते. तारीख नवी असल्याने मेकला ती तयार वाटते. अशा फाइली शोधून पुसायच्या, मग पुन्हा मेक.

फ्रीस्टँडिंग (खाली ऑपरेटिंग सिस्टिम नाही असं सांगणारा फ्लॅग) दिलं तरी जीसीसी मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट, मेमकंपेअर या मेमरीच्या चार फंक्शन्सना हाक मारतोच. ती आपण लिहायची. मेमसेटमध्ये साधा लूप लिहिला, तर जीसीसीच्या बऱ्याच आवृत्त्या तो लूप ओळखून त्याजागी मेमसेटचीच हाक टाकतात. फंक्शन स्वतःलाच बोलावत राहतं आणि स्टॅक (फंक्शन्सची तात्पुरती मेमरी) संपतो. त्या फाइलीपुरतं नो-ट्री-लूप-डिस्ट्रिब्यूट-पॅटर्न्स हा फ्लॅग लावायचा आणि ऑब्जडंपने (तयार मशीन-कोड दाखवणारं साधन) एकदा खात्री करायची.

पण सगळ्यात मोठे आभार रेड झोन समजावल्याचे. ३२ बिटवर ही भानगडच नाही, ६४ बिटवर गेलं की सुरू. तुम्ही चौकटीच्या वहीवर काढलेला स्टॅक अजून जपून ठेवलाय. आरएसपीच्या (स्टॅकचं टोक दाखवणारं रजिस्टर) बाणाखाली १२८ बाइटची रेघोट्यांची पट्टी, तोच रेड झोन. जे फंक्शन पुढे कोणालाच बोलवत नाही, ते आरएसपी न हलवता त्या पट्टीत आपली व्हेरिएबल्स ठेवतं. तेवढ्यात टायमरचा इंटरप्ट (प्रोसेसरला मध्येच अडवणारा इशारा) येतो आणि प्रोसेसर एसएस, आरएसपी, आरफ्लॅग्ज, सीएस, आरआयपी ही पाच रजिस्टरं, मिळून ४० बाइट, नेमके त्याच जागी ढकलतो. व्हेरिएबलचा चुराडा. बघायला म्हणून प्रिंट टाकावी, तर फंक्शन आता दुसऱ्याला बोलावतं, आरएसपी आधीच खाली सरकतो आणि बग गायब! प्रिंट काढली की परत हजर. यावर उपाय एम-नो-रेड-झोन हा फ्लॅग, आणि तेही फक्त कर्नलला देऊन भागत नाही, लिबजीसीसीसुद्धा त्याच फ्लॅगने बांधायची. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात.

मल्टिबूटचं हेडर (बूटलोडरला कर्नल ओळखता यावं म्हणूनची खूण) कर्नलच्या फाइलीत पहिल्या ८१९२ बाइटच्या आत, ४ बाइटवर अलाइन. जीसी-सेक्शन्स (न वापरलेले भाग काढणारा फ्लॅग) लावलं असेल तर लिंकर स्क्रिप्टमध्ये त्याला कीप द्यायचं, नाहीतर कोणी वापरत नाही म्हणून लिंकर ते उडवतो. मशीन गपकन रीबूट झालं तर क्यूईएमयू या एम्युलेटरला नो-रीबूट आणि डी इंट देऊन लॉगमधला पहिला एक्सेप्शन (प्रोसेसरने पकडलेली चूक) वाचायचा. शेवटचा ट्रिपल फॉल्ट (ज्याने मशीन रीबूट होतं) नुसता परिणाम असतो.

पेजिंगचं (मेमरी पानापानांत वाटायचं) अजून अडलंय, त्याची वही घेऊनच या. हिवाळ्यात बामणोदची वांगी निघाली की भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या आमच्याकडे.

तुमची,
कर्नलवाली पोरं, जळगाव