हिऱ्याच्या डॉक्टर मॅडमना

मॅडम, नमस्कार.

चार दिवस झाले, हिरा तोबरा रिकामा करून पाय आपटतो, अजून मागतो. ते बघून आज लिहायला बसलोय.

माथेरानात आमचं घर चालतं ते घोड्यावर. पावसाळ्यात हिरा खंगायला लागला. चंदी संपवायचा, पण अंगी लागत नव्हती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, आणि पोटाखाली सूज. ताप यायचा, दोन दिवसांत आपोआप जायचा. तुमच्या आधी ज्यांना बोलावलं, त्यांनी भर दुपारी, ताप नसताना, दोघांना हिरा दाबून धरायला लावला आणि तो उधळत असतानाच सुई खुपसली. मग फोनवर निकाल: रक्त चांगलं आहे, वय झालंय, विकून टाक. बारा वर्षांच्या जनावराला! त्याच्या अंगावरून एकदा हातसुद्धा फिरवला नव्हता.

तुम्ही म्हणालात, "ताप चढला की फोन करा, रात्र असली तरी." चढला तो रात्रीच, 104 वर. तुम्ही आलात. आणि सुई काढायच्या आधी हिऱ्याच्या डोळ्यावर तळहात ठेवून नुसत्या उभ्या राहिलात. दहा मिनिटं तरी. पत्र्यावर पाऊस वाजत होता. हिऱ्यानं मान सैल सोडली, लांब श्वास टाकला, तेव्हा कुठे तुम्ही मानेची शीर दाबलीत.

मला वाटलं, ही माया. होतीच. पण घोडा बिथरला की प्लीहेत साठलेल्या तांबड्या पेशी रक्तात उतरतात आणि रक्त आटलेला घोडाही कागदावर धडधाकट दिसतो, हे तुम्ही नंतर सांगितलंत. या वेळी त्या पेशी भरल्या 19 टक्के. हव्या होत्या 32 च्या वर.

तुमच्या मायक्रोस्कोपमधून मलाही बघू दिलंत. गोल गोल पेशींना ढुसण्या देत काहीतरी वळवळत होतं. सर्रा रोगाचा जंतू! चावऱ्या माश्यांनी दिलेला, ताप चढतो तेव्हाच रक्तात नीट सापडणारा. ग्रिफिथ एव्हान्स नावाच्या जनावरांच्या डॉक्टरांनी 1880 साली डेरा इस्माईल खानच्या बाजूला घोड्या-उंटांच्या रक्तात हाच जंतू पाहिला होता म्हणालात. इतका जुना, ओळखीचा रोग, आणि माझा हिरा म्हातारा ठरला होता. अजून आठवलं की डोळे भरतात.

शिकलेली माणसं खूप भेटतात, मॅडम. मुक्या जनावराची भीती जाईपर्यंत पावसात थांबणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

त्या रात्री, गाड्या जिथं थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून तुम्ही चिखलातून पायी आलात. पुढच्या वेळी नुसता निरोप द्या. हिरा आणि मी नाक्यावर उभे असू.

तुमचा,
हिऱ्याचा घोडेवाला