मिरजेच्या काकांशी फोनवर बोललेल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

हे सगळं खासगी ईमेलमध्ये लिहिलं असतं तर ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही विषय मिटवला असता. म्हणून चारचौघांत लिहितो आहे. आमच्या फॉन्ट-परिवर्तकाची नवी आवृत्ती परवा मिरजेच्या छापखान्यातल्या विंडोज मशीनवर एका फटक्यात बिल्ड झाली, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार झाला. ते कळलं तेव्हा घरात कुणाला सांगावं हेच सुचेना, कारण त्यात आनंद होण्यासारखं काय आहे ते समजावतानाच रात्र गेली असती. तुम्हाला ते समजावावं लागणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं. युनिकोड रुळण्याआधी मराठी डीटीपी वेगवेगळ्या फॉन्टांच्या खासगी सांकेतिकीत चालायचं. त्या फाइलींमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. कितीतरी दिवाळी अंक, स्मरणिका, गावांचे इतिहास आजही अशा फाइलींत अडकून पडले आहेत आणि गूगलवर शोधून सापडत नाहीत. तो मजकूर सोडवणारा आमचा फॉन्ट-परिवर्तक म्हणजे सी भाषेतल्या कोडची एक छोटी लायब्ररी, आणि निकाल डोळ्यांनी तपासता यावा म्हणून सोबत हार्फबझ (अक्षरं जोडून नीट आकारात मांडणारं सॉफ्टवेअर) वापरणारा एक प्रीव्ह्यू. ती चालवतात ते लोक बहुतेक छापखान्यांत आणि वाचनालयांत बसतात. विंडोजवर. आणि आमचं बिल्ड होतं ऑटोटूल्स या जुन्या साधनांचं, लिनक्सवर गुण्यागोविंदाने चालणारं.

बिल्ड सिस्टिम बदलायला हवी हे आम्हाला सगळेच सांगत होते. मला त्या सगळ्यांबद्दल बोलायचंच आहे, कारण त्यांच्याशिवाय तुमचं मोल नीट कळणार नाही. एका गृहस्थांनी लांबलचक लेख लिहून आमचा प्रकल्प किती मागासलेला आहे ते पटवलं आणि पुढे एक ओळही बदलून दिली नाही. दुसऱ्यांनी बेझल आणलं. गूगलच्या अवाढव्य कोडसाठी घडलेलं ते साधन त्या कामाला उत्तम असेलच, पण आमच्या मूठभर फायलींवर ते चढवून हे गृहस्थ गायब झाले आणि पुढच्या प्रत्येक तक्रारीला उत्तर द्यायला आम्ही उरलो. आमचा कोड आपल्या उत्पादनात वापरणाऱ्या एका कंपनीने तर मागण्यांची यादीच पाठवली, तारखांसकट. अर्ध्या मदतीचा भार मदत नसण्यापेक्षा जास्त असतो, हे मी कडवटपणाने लिहितो आहे आणि तसंच लिहायचं आहे.

तुमचं पहिलं पत्र आलं त्यात एकाही साधनाचं नाव नव्हतं. तुम्ही विचारलं होतं, ‘हे बिल्ड कोण करतं, कुठल्या मशीनवर, आणि अडलं तर ते कुणाला विचारतात?’ असं आधी कुणी विचारलंच नव्हतं. मी काकांबद्दल लिहिलं. छापखाना सांभाळणारे, साठी उलटलेले, इंग्रजी बेताचं, पण आमच्या प्रत्येक आवृत्तीची खरी परीक्षा घेणारे. तुम्ही त्यांचा नंबर मागितलात. त्यांना विचारून मी दिला.

पुढे जे झालं ते मला काकांनीच सांगितलं. तुम्ही त्यांच्या मशीनचा ताबा मागितला नाहीत. ‘सोडा, मी करते’ म्हणाला नाहीत. पडद्यावर आलेली चूक त्यांना वाचायला सांगितलीत आणि ते एकेक इंग्रजी अक्षर लावत वाचत असताना तुम्ही मध्ये बोलला नाहीत. एका ओळीवर ते अडखळले, ओशाळले, तेव्हा म्हणालात, ‘काका, घाई नाही. मी लिहून घेतेय. परत पहिल्यापासून वाचा.’

ताई, या एका वाक्यासाठी हे पत्र आहे.

कारण पहिल्यापासून वाचताना काकांनी फोल्डरचं नावही वाचलं. न्यू, मग मोकळी जागा, मग फोल्डर. आपल्याकडे निम्म्या डीटीपी मशीनांवर सगळा संसार त्याच नावाच्या फोल्डरमध्ये असतो. ऑटोटूल्सच्या मागे चालणारं मेक हे साधन १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं आणि आजही त्याला नावातली मोकळी जागा म्हणजे दोन वेगळी नावं वाटतात. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत हे कधीच दिसलं नाही, कारण लोक एरर-संदेशाची शेवटची ओळ तेवढी चिकटवतात. ते दिसलं ते एका वयस्कर माणसाला शांतपणे पुन्हा वाचू दिल्यामुळे.

साधन निवडतानाही तुम्ही तीच सबुरी ठेवलीत. सीमेक की मेसॉन, या दोन बिल्ड साधनांतलं कोणतं घ्यावं, यावर मी तुमच्याकडून निकालाची वाट पाहत होतो. तुम्ही दोन्हींचे दोष आधी मांडलेत. मेसॉनला पायथन लागतो, म्हणजे काकांच्या मशीनवर आणखी एक वस्तू बसवावी लागणार. सीमेक जास्त ठिकाणी चालतं, जास्त लोकांना येतं, पण त्याच्या भाषेत एकच गोष्ट करायच्या जुन्या-नव्या इतक्या वाटा आहेत की नवखा माणूस इंटरनेटवरची जुनी वाट उचलतो. लिनक्सवरचा डेस्कटॉप बनवणाऱ्या केडीई प्रकल्पाने चौथ्या आवृत्तीसाठी आधी एसकॉन्स हे तिसरंच साधन आजमावून पाहिलं होतं आणि मग २००६ मध्ये ते सीमेकवर गेले, हे तुम्ही मुद्दाम सांगितलंत. एवढा मोठा प्रकल्प मन बदलू शकतो तर तुम्ही निर्णयाची धास्ती कशाला घेता, असा त्यातला दिलासा होता. आमच्या चमूतल्या कुणाला सीमेक येत असेल तर डोळे मिटून सीमेक घ्या, असंही म्हणालात. कुणालाच येत नव्हतं. आणि ज्या हार्फबझवर आमचा प्रीव्ह्यू उभा आहे, ते स्वतःच मेसॉनने बिल्ड होतं. प्रश्न तिथे सुटला.

मेसॉनच्या भाषेत आपलं स्वतःचं फंक्शन लिहिता येत नाही. मला आधी ही उणीव वाटली होती. तुम्ही म्हणालात की यामुळेच बिल्डची फाइल वाचता येते, तिच्यात लपायला जागा कमी राहते. आणि मग तुम्ही एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या सॉफ्टवेअरची आठवण काढलीत. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यांना एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरण्याची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं, आणि माग काढता काढता एक्सझेडमधली चोरवाट सापडली. तिला जागं करणारी ऑटोटूल्सची एम४ स्क्रिप्ट टारबॉलमध्ये, म्हणजे लोकांना वाटायच्या गठ्ठ्यात होती, गिटमध्ये, म्हणजे कोडच्या उघड नोंदीत नव्हती. ऑटोटूल्सच्या टारबॉलमध्ये गिटबाहेरच्या तयार फायली असायच्याच, म्हणून कुणाला वेगळं वाटलं नाही. तिथल्याच सीमेकच्या एका चाचणीत एक जादा टिंब पेरून एक सुरक्षा सोयही बंद पाडली होती. एक टिंब! आणि हे सगळं घुसवणारा माणूस मदतनीस म्हणूनच आला होता, एकट्याने प्रकल्प सांभाळून थकलेल्या मेंटेनरकडे, तेही ‘कामं रेंगाळतात’ असे टोमणे अनोळखी लोक मारत असताना.

हे सांगून तुम्ही लिहिलंत, ‘मीही तुमच्यासाठी अनोळखीच आहे. माझी प्रत्येक ओळ वाचा, कळली नाही तर विचारा, कळेपर्यंत मूळ कोडमध्ये मर्ज करू नका.’ आणि खरोखर, माझ्या प्रत्येक बाळबोध शंकेला उत्तर दिलंत. आता टारबॉल थेट गिटमधल्या मजकुरातूनच बनतो, काकांच्या फोल्डरचं नाव काहीही असो बिल्ड होतं, आणि ती फाइल मी कुणालाही ओळ न् ओळ समजावू शकतो. जुनं बिल्डही एक आवृत्ती तसंच राहू द्या, कुणाचं अडायला नको, ही सूचनाही तुमचीच. बदल करणाऱ्याला जुनं मोडून टाकण्याची घाई असते, असं मी आजवर पाहत आलो होतो.

तुमचं रोजचं काम एका लिनक्स वितरणासाठी पॅकेजं बांधण्याचं, तेही बिनपगारी. ज्यांचं सॉफ्टवेअर तुम्ही लोकांपर्यंत पोचवता त्यांच्यातल्या बहुतेकांना तुमचं नावही माहीत नसेल. अशी माणसं या क्षेत्रात आहेत, गाजावाजा करणाऱ्यांपेक्षा जास्तच असावीत, आणि मराठी मजकूर आज फोनवर, ब्राउझरमध्ये, ऑफिसच्या फाइलींत जोडाक्षरांसकट नीट उमटतो तो अशांच्या श्रमांवर. त्यांच्यापैकी एकीशी माझी गाठ पडली, हे मी भाग्य समजतो.

काका आता मिरजेतल्या आणखी दोन छापखान्यांना बिल्ड करून देतात. तिथे कुणी चूक वाचताना अडखळलं की ‘घाई नाही, परत पहिल्यापासून’ म्हणतात म्हणे. त्यांनी तुम्हाला नमस्कार कळवला आहे आणि सांगली-मिरजेकडे आलात तर जेवायलाच यायचं असं बजावून सांगायला सांगितलं आहे.

राहता राहिलं श्रेयाचं. आभारांच्या फाइलीत आपलं नाव नको, काकांचं घाला, असं तुम्ही म्हणाला होतात. काकांचं घातलं आहे. त्याच्या वरच्या ओळीत तुमचंही आहे, आणि या एका बाबतीत तुम्ही सुचवलेला पॅच मी स्वीकारणार नाही.

आपला,
फॉन्ट-परिवर्तकाचा मेंटेनर