नवी माशी फोटोवर ठरत नाही

संपादक महोदय,
सह्याद्रीत ‘नवी माशी’ सापडल्याच्या बातम्या केवळ फोटोवर उरकू नयेत. डोंगरी ओढ्यांवरच्या सिम्युलियम वंशातल्या काळ्या माश्या जेमतेम २ ते ४ मिलिमीटरच्या. माद्या बऱ्याचदा एकमेकींसारख्याच दिसतात. ओळख पटते ती नराच्या जननांगांवरून आणि कोषाच्या कल्ल्यांना किती तंतू व कसे फाटे आहेत यावरून. म्हणून दगडा-पानांना चिकटलेले पक्व कोष ओलसर कागदासह एकेका कुपीत ठेवावेत. माशी बाहेर आल्यावर अंग कडक होऊ द्यावे आणि रिकामा कोष तिच्यासोबतच जपावा. ही जोडी तुटली, की नमुन्याचे निम्मे मोल गेलेच! रचना पाहायला ७० ते ८० टक्के अल्कोहोल चालते, डीएनएसाठी ९५ टक्के. फॉर्मॅलिन नकोच, त्याने डीएनए खराब होतो. जननांगे नीट दिसावीत म्हणून पोटाचे टोक १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून स्नायू विरघळवतात. जास्त वेळ राहिले तर भाग इतका पारदर्शक होतो, की कडाच दिसेनाशा होतात. खरे कष्ट पुढे, जुन्या प्रजातींच्या मूळ नमुन्यांशी तुलना करताना. होलोटाइप (नावाचा आधार म्हणून नेमलेला एक नमुना) किंवा सिंटाइप (तसेच नेमलेले एकाहून अधिक नमुने) न नेमता नव्या प्रजातीला दिलेले नाव आज प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमात बसत नाही. तेव्हा बातमी छापण्यापूर्वी एवढे जरूर विचारावे: होलोटाइप किंवा सिंटाइप कोणत्या संग्रहात ठेवले आहेत?

– कीटक-अभ्यासक, पुणे