धूर मुंबईच्या पानावर, वादळ रायगडच्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की आपल्या अंकात मुंबईच्या हवेचा निर्देशांक रोज छापून येतो, सोबत धुरकटलेल्या सागरी सेतूचा फोटो. मे उजाडला की अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्याची बातमी येते. पहिली मुंबईच्या पानावर, दुसरी रायगड-रत्नागिरीच्या. गेली काही वर्षं मी ही दोन्ही कात्रणं एकाच वहीत चिकटवते आहे, कारण माझ्या मते बातमी एकच आहे. हे पत्र त्यासाठी.

दिवेआगरला आमची पोफळीची वाडी आहे, पाऊण एकराची. 3 जून 2020 च्या सकाळी तीत 412 पोफळी आणि 19 माड उभे होते. आकडा पाठ आहे, कारण पंचनाम्यासाठी आडव्या पडलेल्या एकेका बुंध्यावर चुन्याची खूण करत मीच फिरले होते. ‘निसर्ग’ दुपारी आलं. टाळेबंदीचे दिवस. आम्ही सात माणसं तोंडाला फडकी बांधून माजघरात बसलो होतो. डोक्यावरची कौलं जाताना आवाज होतो, तो सहन होतो. पोफळ मधोमध मोडताना होतो तो होत नाही. संध्याकाळी वारा पडल्यावर मागच्या पडवीत आले तर समोर समुद्र. लग्न होऊन या घरात आल्याला तेव्हा एकतीस वर्षं झाली होती. त्या पडवीतून समुद्र कधी दिसला नव्हता. शिल्लक 38 पोफळी, 6 माड. पोफळींवर चढवलेले मिरीचे वेल त्यांच्याखालीच चेंगरले. वीज यायला महिना उलटला, तोवर पंप बंद, म्हणून विहिरीचं पाणी कळशीने शेंदलं. वर्ष पुरं व्हायच्या आत, मे 2021 मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं आणि जाताना आमचे नवे पत्रे घेऊन गेलं.

माझे सासरे तेव्हा 84 वर्षांचे. ते म्हणाले, “अठ्ठेचाळीस सालीही तुफान झालं होतं, नवं काय त्यात?” खरं आहे. पण ते एक तुफान ते सत्तर वर्षं सांगत आले. माझ्या वहीत एकट्या 2019 सालची पाच नावं आहेत : वायू, हिक्का, क्यार, महा, पवन. सगळी अरबी समुद्रातली. आपल्या किनाऱ्यावर त्यांतलं कुठलंही चढलं नाही, म्हणून ती आपण विसरलो. त्यांतलं क्यार हे महाचक्रीवादळ होतं. 2007 च्या ‘गोनू’नंतर या समुद्रात तेवढं मोठं झालं नव्हतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये याचा हिशेब मांडला. 1982 ते 2000 या काळाच्या तुलनेत 2001 ते 2019 मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढली, अतितीव्र वादळं 150 टक्क्यांनी. बंगालच्या उपसागरात उलट थोडी घटच आहे. कारण समुद्राचं तापणं. हवेत कोंडलेल्या जादा उष्णतेतली नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्र पिऊन घेतो, आणि वादळ त्याच उष्णतेवर पोसतं. शिवाय हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, म्हणजे वाऱ्यासोबत पाऊसही वाढतो.

इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. धुराचा संबंध मला उशिरा कळला, आणि तो आधी पटला नाही.

हिवाळ्यात वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. आमच्याकडचे कोळी सांगतात, थंडीत परतताना किनारा दिसायला पूर्वीपेक्षा बराच आत यावं लागतं. धुकं नाही, मळभ नाही, नुसतं मळकट. 1999 मध्ये जहाजं, विमानं घेऊन शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरावर हे मोजलं तेव्हा सुमारे तीन किलोमीटर जाडीचा तपकिरी थर सापडला. काजळी, गंधकाचे कण, धूळ. गाड्या, कोळसा, चुली, सगळ्यांचा मिळून. 2011 साली अमॅटो इव्हान, व्ही. रामनाथन आणि त्यांच्या सहकारी हवामानशास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मांडलं की, पावसाळ्याआधीची अरबी समुद्रातली वादळं जोरकस होण्यामागे या थराचा हात आहे.

कसा, ते पोफळीवरून सांगते. बुंध्याला एकीकडून आणि शेंड्याला दुसरीकडून ओढ बसली की पोफळ मोडते. वादळाचंही तेच. या समुद्रावर पावसाळ्याच्या तोंडाला खाली पश्चिमेचा वारा आणि खूप उंचावर पूर्वेचा, अशी ओढाताण असते. त्यात वादळाचा खांब नीट उभाच राहत नाही. ही आपली जुनी राखण होती. धुराचा थर उत्तरेकडच्या समुद्रावर सावली धरतो, त्यामुळे उत्तर आणि दक्षिण यांच्या तापमानातला फरक घटतो, त्या फरकावर चालणारे वारे मंदावतात आणि ओढाताण सैल पडते. मग खांब उभा राहतो. या निष्कर्षावर शास्त्रज्ञांत वाद झाला, हेही लिहिते. काहींच्या मते वादळं आता मोसमी वाऱ्यांच्या आधी, लवकर येतात म्हणून त्यांना वाढायला रान मोकळं मिळतं. मला दोन्ही वाचून एवढंच वाटलं की, आकाशातला धूर मुंबईकरांच्या छातीपुरता नाही.

यावर एक युक्तिवाद हल्ली ऐकू येतो : गंधकाचे कण ऊन परतवतात, पृथ्वी जरा थंड ठेवतात, मग राहू देत की! औष्णिक वीज केंद्रांनी धुरातला गंधक काढून टाकणारी यंत्रं बसवावीत, असा नियम केंद्र सरकारने 2015 साली केला होता. मुदत दोन वर्षांची. ती पुढे ढकलत ढकलत जुलै 2025 मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूटच देण्यात आली. वाडीत सावलीचा धंदा आम्हाला कळतो. केळ लावून पोफळीच्या रोपाला सावली देतात ती मोजून, जिथे हवी तिथे. ही सावली तशी नाही. ती जमेल तिथे जमते आणि वाऱ्याचं गणित बिघडवते. आठ-पंधरा दिवसांत पावसाने धुऊनही जाते. त्याच धुराड्यातून निघालेला कर्बवायू मात्र शेकडो वर्षं वर राहतो. असल्या सावलीच्या भरवशावर कोळसा जाळणं हा व्यवहार आमच्या वाण्यालाही पटणार नाही.

आता आमच्या घरचा धूर. कोकणात पावसाआधी भाताची दाढ, म्हणजे रोपं करायची जागा, भाजतात : पातेरा, छाटलेल्या फांद्यांचे टाळ, शेण पसरून पेटवून द्यायचं. काजळीच असते ती. शिवाय वाडीतल्या झावळ्या, न्हाणीघरातलं चुलाणं. मुंबईच्या गाड्यांकडे बोट दाखवायचं तर हे लपवून कसं चालेल? शनिवार-रविवारी त्याच गाड्या आमच्या आळीत उभ्या असतात आणि त्यांतल्या माणसांना मी जेवायला वाढते, तो आणखी वेगळा घोळ. दोन वर्षं झाली, मी झावळ्या जाळत नाही. विहिरीमागच्या खड्ड्यात कुजवते. दाढ न भाजता गादीवाफ्यावर रोप करायचं ठरवलं तेव्हा आमच्या गड्याने स्पष्ट सांगितलं, “वहिनी, तण माजेल, मग मला हाक मारू नका.”

आपल्याला विनंती एकच. हवेचा निर्देशांक छापता तसं त्या दिवसाचं अरबी समुद्राचं तापमानही छापा, दोन्ही शेजारी-शेजारी, बारा महिने, आणि सगळ्या आवृत्त्यांत. वादळ आलं की आपला बातमीदार आमच्याकडे येतो, पडलेल्या वाडीचा फोटो घेतो. त्याने एकदा जानेवारीतही यावं.

2020 च्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांपैकी नऊ पोफळींना यंदा पहिले घोस धरले आहेत. पडवीतून समुद्र अजून दिसतो, पण तुकड्यातुकड्यांनी. आळीतल्या तीन घरांनी या वर्षी दाढ भाजली नाही. तण किती माजलं, ते जुलैत कळवीन.

आपली,
एक बागायतदार वाचक
दिवेआगर, ता. श्रीवर्धन, जि. रायगड